ई-इंकची लिहायची पाटी : कागद खरंच सुटतो का?

गिरणाकाठ (धागाकर्ती)

चाळीसगाव तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी गणित शिकवते. गणिताच्या माणसाला कागद किती लागतो हे बाहेरून कळत नाही. एखादी सिद्धता जमायच्या आधी ती चार वाटांनी चुकते. त्या चुकलेल्या वाटा लिहून बघाव्याच लागतात, डोक्यात धरून ठेवता येत नाहीत. आमच्या घरी यासाठी पाठकोरे कागद जमवायची पद्धत होती. जुन्या प्रश्नपत्रिका, परिपत्रकं, झेरॉक्सवाल्याकडची बिघडलेली पानं. ते संपले की फुलस्केपचा दस्ता, मग रीम. आणि सगळं शेवटी रद्दीत.

गेली काही वर्षं हे काम मी ई-इंकच्या लिहिता येणाऱ्या टॅबलेटवर करते. कच्च्या कामासाठी कागद घेणं जवळपास बंद झालं आहे. इथे बरेच जण विचारत असतात, 'घ्यावं का?' म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट. हा आयपॅड नाही आणि मोठा फोनही नाही. पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. कागदासारखाच बाहेरचा उजेड त्यावर पडतो नि आपल्याला दिसतो. अंगणात दुपारच्या उन्हात तो जास्त स्वच्छ दिसतो, त्याच उन्हात फोनचा पडदा काळा पडतो. काही यंत्रांत कडेने दिवे दिलेले असतात, रात्रीसाठी. पण मूळ स्वभाव कागदाचा.

मला त्याचा उपयोग मुख्यतः दोन कामांत झाला. पहिलं कच्चं गणित. दुसरं, शोधनिबंध वाचणं. पूर्वी प्रत्येक निबंधाचं प्रिंट काढायचे, समासात लिहायचे, आणि वर्षभराने तो समास शोधत बसायचे. आता पीडीएफवरच लिहिते. शेरा त्या पानाला चिकटून राहतो आणि पान हरवत नाही. हा फायदा मला कागदाची बचत होण्यापेक्षा मोठा वाटतो.

आकाराबद्दल मात्र नीट विचार करा. बहुतेक यंत्रं १०.३ इंचांची असतात. म्हणजे पडदा साधारण १५७ बाय २१० मिलिमीटर, जवळजवळ ए-५, आपल्या लहान वहीएवढा. ए-४ ची पीडीएफ त्यावर पाऊण आकाराची होते. दोन स्तंभांत छापलेला निबंध असेल तर खालची टीप वाचताना डोळे ताणावे लागतात. मी समास कापून घेते, नाहीतर यंत्र आडवं धरून अर्धं-अर्धं पान वाचते. १३.३ इंची यंत्र ए-४ च्या जवळ जातं, पण किंमतही तशीच वर जाते आणि हातात धरून वाचायला ते जड.

आमच्याच तालुक्यात पाटणादेवीला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला, त्याच्या दानाची नोंद त्यात आहे. त्या काळी आकडेमोड धूळ पसरलेल्या पाटीवर व्हायची. एक पायरी झाली की पुसायची, पुढची मांडायची. ग्रंथात जायचं ते शेवटचं. कच्च्या कामाला कागद लागतोच ही सवय त्या मानाने अलीकडची आहे. मी माझ्या यंत्राकडे त्या धूळपाटीसारखंच बघते, फक्त पुसलेलंही हवं तेव्हा परत काढता येतं.

पक्कं काम मी अजून कागदावर ठेवते. त्याबद्दल चर्चेत बोलूच.

भुसावळ_जंक्शन

ताई, छान सुरुवात. मी मूळचा भुसावळचा, आता पुण्यात हार्डवेअरमध्ये आहे. आतलं कसं चालतं ते थोडं लिहितो, कारण ते कळलं की यंत्राकडून काय मागावं आणि काय मागू नये हे आपोआप कळतं.

पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या अगणित कुप्या असतात. प्रत्येक कुपीत तेलासारखा पारदर्शक द्रव आणि त्यात पांढरे नि काळे कण, दोघांवर विरुद्ध विद्युतभार. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, तेच जे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं. खालून विद्युतदाब दिला की एक जात वर येते, दुसरी खाली जाते. वर काळे आले की ठिपका काळा. महत्त्वाचं म्हणजे कण एकदा जागेवर गेले की तिथेच राहतात. वीज लागते ती फक्त बदल करताना. बॅटरी संपली तरी शेवटचं पान पडद्यावर तसंच दिसत राहतं ते यामुळे.

आता याच गुणातून त्रासही येतो. कणांना द्रवातून सरकायला वेळ लागतो. व्हिडिओ विसरा. पान उलटताना क्षणभर काळं-पांढरं लखलखतं, आणि जुन्या अक्षरांची पुसट छाया मागे राहते. पूर्ण पान ताजं केलं की ती जाते. कंपन्यांनी लिहिताना फक्त पेनाखालचा भाग झपाट्याने बदलायची युक्ती काढली, म्हणून शाई पेनामागून येते असं आता फारसं वाटत नाही.

पेनाबद्दल. बऱ्याच यंत्रांत पेनाला बॅटरीच नसते. पडद्याच्या मागे तारांची जाळी असते, ती चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि पेनातली छोटी गुंडाळी त्यावरच चालते. जपानच्या वॅकॉमने हे तंत्र चांगलं रुजवलं. फायदा असा की पेन हरवला तर त्याच तंत्राचा दुसऱ्या कंपनीचा पेनही बहुतेक वेळा चालतो. पण काही नवीन यंत्रांना चार्ज होणारा खास पेन लागतो. घेण्याआधी हे एवढं जरूर विचारा.

केळी_रावेर

ताई, माझी रावेर तालुक्यात केळी आहे. माझी गरज साधी. कोणत्या प्लॉटला कधी लावण, ठिबकमधून कोणतं खत किती, फवारणी, कापणीची तारीख, गाडी नंबर, वजन, व्यापाऱ्याकडून किती आले किती बाकी. हे सगळं मी डायरीत लिहितो. डायरीला केळीचा चीक लागतो, डाग जात नाही, पानं चिकटतात. वर्ष संपलं की मागचं शोधणं म्हणजे अर्धा दिवस. हे यंत्र शेतात चालेल का? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे तुम्हाला सांगायला नको. आणि किंमत काय?

गिरणाकाठ

भाऊ, तुमच्यासाठी मोकळेपणाने सांगते. शेतात नेऊ नका.

ऊन दिसण्याच्या दृष्टीने अडचणीचं नाही, उलट मदतीचं आहे. अडचण तापण्याची. ॲमेझॉनच्या किंडलसारख्या यंत्रांच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ० ते ३५ अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे मार्चपासूनच दुपारी ते ओलांडलं जातं. ४५ अंशात यंत्र लगेच बंद पडतं असं नाही, मी उन्हाळ्यात घरात रोज वापरते. पण मोटारसायकलच्या डिकीत किंवा उभ्या गाडीत ठेवलं तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा खूप वर जातं आणि लिथियम बॅटरीचं आयुष्य तिथे भराभर घटतं.

दुसरं, बहुतेक ई-इंक पडद्यांच्या मागे अगदी पातळ काच असते. वरून पडदा मऊ वाटतो, पण पिशवीत घडाचा किंवा पान्याचा दाब पडला तर आतली काच तडकते. ती बदलून घेणं नवीन यंत्र घेण्याच्या जवळपास जातं.

किंमतीचं म्हणाल तर किंडल स्क्राइब २०२२ मध्ये अमेरिकेत ३४० डॉलरला आलं होतं. आपल्याकडे कर, वाहतूक, कव्हर धरून चांगलं यंत्र तीस हजारांच्या पुढेच जातं. ज्या नोंदींचे रकाने ठरलेले आहेत त्यांच्यासाठी एवढा खर्च कशाला? शेतात डायरीच ठेवा. संध्याकाळी घरी त्यातलं फोनवरच्या हिशोबाच्या तक्त्यात भरा. शोधणं, बेरीज, बाकी, सगळं तिथे मिळेल. हाताने लिहिलेल्या पानाची बेरीज ई-इंक यंत्र सहसा करून देत नाही.

केळी_रावेर

पटलं. तक्त्याचं मुलीकडून शिकून घेतो. ती अकरावीला आहे, विज्ञान शाखा. तिच्या क्लासच्या नोट्स सगळ्या पीडीएफमध्येच येतात आणि ती फोनवर वाचत बसते, डोळे लाल होतात. तिच्यासाठी म्हणून विचार करायला हरकत नाही ना?

गिरणाकाठ

तिच्यासाठी जरूर विचार करा. त्यावर पुढे लिहिते.

सातपुडा_गुरुजी

नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. एक गैरसमज दूर व्हावा म्हणून लिहितो. बाजारात, जत्रेत, स्टेशनसमोर ज्या रंगीत रेघांच्या पाट्या दोन-चारशे रुपयांत मिळतात, त्यांनाही दुकानदार 'ई-पाटी', 'डिजिटल वही' म्हणून विकतात. ते ई-इंक नव्हे. तो एलसीडीचा एक प्रकार आहे. दाब पडला की आतल्या द्रवस्फटिकांची रचना बदलते आणि तिथून उजेड परत येतो, म्हणून रेघ दिसते. बटण दाबलं की सगळं एकदम पुसलं जातं. काहीही साठत नाही.

तरी मी त्या पाट्यांना नावं ठेवणार नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षर गिरवायला त्या उत्तम. खडूची धूळ नाही, पाटी फुटायची भीती नाही. आमच्या पाड्यावरच्या मुलांनी त्यावर भराभर अक्षरं घटवली आहेत. फक्त आत बटणासारखा गोल सेल असतो. त्याच्या झाकणाला स्क्रू आहे का हे पालकांनी बघूनच घ्यावं. लहान मुलाने तो सेल गिळला तर अन्ननलिका भाजते, तासाभराचाही उशीर चालत नाही.

भुसावळ_जंक्शन

गुरुजी, सेलची सूचना फार महत्त्वाची. अनुमोदन.

धुळे_दप्तर

मी धुळ्यात जुन्या कागदांवर काम करतो, म्हणून या धाग्यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे.

आधी यंत्राच्या बाजूने. मोडी वाचताना मला याचा जो उपयोग झाला तो मी कधीच कल्पिला नव्हता. मूळ कागदाला हात न लावता त्याची प्रतिमा पीडीएफ करून यंत्रात घेतो. या यंत्रांत पानावर थर घेता येतात. खालच्या थरात मोडी, वरच्या थरात ओळीच्या डोक्यावर मी देवनागरीत अक्षरं बसवत जातो. शंका असेल तिथे फुली. वरचा थर बंद केला की मूळ पान स्वच्छ समोर येतं, आणि मी केलेला अंदाज विसरून पुन्हा नव्याने वाचता येतं. झेरॉक्सवर पेन्सिलीने हे करताना तिसऱ्या वाचनात कागद काळा होऊन जायचा.

एक काळजी घ्यावी लागते. या पडद्यावर राखाडी रंगाच्या साधारण सोळा छटाच दिसतात. तपकिरी पडलेल्या कागदावरची पुसट शाई त्यात विरघळून जाते. यंत्रात घेण्याआधी संगणकावर काळं-पांढरं ठळक करून घ्यावं. आणि शिक्क्याचा रंग किंवा लाल शाईचा दंड महत्त्वाचा असेल तर तो संगणकाच्या रंगीत पडद्यावरच बघावा. रंगीत ई-इंक आता मिळतं, पण रंगाची गाळणी बसवल्याने रंगीत भागाची बारकाई निम्म्यावर येते, इंचाला ३०० च्या जागी १५० ठिपके.

आता दुसरी बाजू. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं जमवत राहिले, ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच धुळ्यात गेले, आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी बाडं आहेत. त्यातली कित्येक शतकं जुनी. हातकागद आणि काजळाची शाई. ती वाचायला डोळे आणि मोडीचा अभ्यास पुरतो. कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही, चार्जर लागत नाही. मालक मेला, वाडा पडला, रुमालात बांधलेला गठ्ठा माळ्यावर राहिला, तरी कागद बोलतो.

ताईंच्या यंत्रातलं पान शंभर वर्षांनी कोण उघडणार? बऱ्याच यंत्रांची साठवण स्वतःच्या खास पद्धतीत असते. कंपनी बुडाली किंवा सेवा बंद झाली तर तो ढीग नुसता आकड्यांचा. आणि खातं ज्याच्या नावावर आहे तो गेला की पासवर्डही गेला. यंत्र वापरावं, मीही वापरतो. पण जे ठेवायचं आहे ते तिथे ठेवू नये असं मला तळमळीने वाटतं. आपल्या पिढीची खाजगी पत्रं, टिपणं, डायऱ्या यांतलं पुढच्या राजवाड्यांच्या हाती काहीच लागणार नाही अशी भीती वाटते.

एरंडोल_पांडववाडा

दप्तर सर, कागदाचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. एरंडोलला एकेकाळी कागद बनायचा. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्येही नोंद आहे की इथला देशी कागद पूर्वी नावाजलेला होता आणि तेव्हाही थोडा बनत होता. आज विचारलं तर गावातल्या तरुणांना पांडववाडा माहीत, कागद माहीत नाही.

धुळे_दप्तर

हे नेमकं माझ्या मुद्द्याला जोडून आहे. तो हातकागद टिकतो आणि त्याच्या नंतर आलेला गिरणीचा कागद टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला, तो तुरटी-राळेने घोटायचे, त्यात आम्ल राहतं. म्हणून १९२० सालचं पुस्तक हातात घेतलं तर कोपरे बिस्किटासारखे तुटतात आणि त्याआधीचं बाड मात्र लवतं. तेव्हा 'कागद टिकतो' असं सरसकट म्हणणंही बरोबर नाही. जे ठेवायचं ते आम्लमुक्त कागदावर छापावं. मोठ्या शहरांत मिळतो, मागवताही येतो.

गिरणाकाठ

सर, तुमच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. माझी विभागणीही तीच आहे. काम करायचा कागद आणि ठेवायचा कागद हे दोन वेगळे. पहिला सुटतो. दुसरा सुटू नये.

म्हणून माझी रीत सांगते. महिनाअखेरीला त्या महिन्याच्या वह्या पीडीएफ करून केबलने संगणकावर घेते. फक्त कंपनीच्या ढगावर (क्लाउडवर) विसंबत नाही, काही कंपन्या ढगावरच्या जादा सोयींसाठी दरमहा पैसेही मागतात. संगणकावरून एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग विषय, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. जी सिद्धता पूर्ण झाली ती टाइप करून छापून फाइलला लावते. बाकीचं कच्चं काम हरवलं तरी मला त्याचं दुःख नाही, कारण ते कागदावर असतं तरी रद्दीतच गेलं असतं.

कोर्टरोड_जळगाव

वकिली करते. कायद्याच्या अंगाने थोडक्यात.

टिपणं, उलटतपासणीचे मुद्दे, निकालांच्या पीडीएफवर खुणा, यासाठी मीही हेच यंत्र वापरते. दोनशे पानांचा निकाल कोर्टात पटकन उघडता येतो, आणि न्यायाधीशांसमोर फोन काढल्यासारखं दिसत नाही.

पण पुराव्याचा प्रश्न आला की सांभाळा. यंत्रात हाताने लिहिलेलं असलं तरी कायद्याच्या नजरेत ती इलेक्ट्रॉनिक नोंद. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशी नोंद दाखल करताना ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात फाइलची हॅश किंमत (फाइलचा अंका-अक्षरांतला ठसा) लिहावी लागते आणि तज्ज्ञाची सहीदेखील. कागदाच्या मूळ पावतीला हे काही लागत नाही. पाच हजारांच्या वरच्या पावतीला रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्यायची असते, तीही कागदावरच घ्यावी. रावेरच्या दादांनी व्यापाऱ्याशी व्यवहार करताना हे लक्षात ठेवावं.

आणि मृत्युपत्र कधीही यंत्रावर करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक दस्तांना जी मान्यता दिली त्यातून मृत्युपत्र स्पष्टपणे वगळलेलं आहे. कागद, सही, दोन साक्षीदार.

केळी_रावेर

वकीलताई, धन्यवाद. वाचनखूण साठवली.

अभ्यासिका_नंदुरबार

राज्यसेवेची तयारी करतोय. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, १७५० गुण. म्हणजे आता लिहिण्याचा सराव प्रचंड. रूमवर रोज कागदाचे ढीग होतात. मित्राकडचं यंत्र वापरून बघितलं, फार आवडलं. सगळा उत्तरलेखनाचा सराव यावर केला तर चालेल का? घरून पैसे मागायचे आहेत, म्हणून नीट विचारतोय.

गिरणाकाठ

दादा, उत्तरलेखनाचा सराव कागदावरच करा.

परीक्षेत छापील उत्तरपुस्तिका मिळणार आणि त्यात बॉलपेनने तीन तास लिहायचं. कागदावर बॉलपेनला जो दाब लागतो, मनगटाला जो थकवा येतो, त्याची सवय शरीराला व्हावी लागते. यंत्राचं प्लास्टिकचं टोक पडद्यावर हलकं सरकतं. तिथे तुमचा वेग वेगळा असेल आणि अक्षरही. शिवाय यंत्रात ओळ खोडता येते, परिच्छेद उचलून खाली नेता येतो. परीक्षेत ती मुभा नाही. उत्तराची मांडणी लिहिण्याआधी मनात व्हायला हवी, आणि ती सवय फक्त न पुसता येणाऱ्या पानावर लागते.

वाचनासाठी मात्र चांगलं. अहवाल, अर्थसंकल्पाची भाषणं, मागच्या प्रश्नपत्रिका, सगळं पीडीएफ असतं. पण फक्त तेवढ्यासाठी घरून तीस हजार मागावेत असं मला वाटत नाही. तेवढ्यात कित्येक महिन्यांची अभ्यासिका आणि मेसचा मोठा भाग निघतो. नोकरी लागल्यावर घ्या.

अभ्यासिका_नंदुरबार

स्पष्ट सांगितलंत, बरं झालं. घरी विचारत नाही.

पांझरा_साक्री

ताई, तुमनी गोट खरी से. मी अहिराणी गाना जमा करस. बुढीमायपुढे फोन काढा का ती चूप व्हई जास.

पुढचं प्रमाण मराठीत लिहिते, सगळ्यांना कळावं म्हणून. मी साक्री तालुक्यात गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी उतरवून घेते. फोनचं रेकॉर्डिंग लावलं की म्हाताऱ्या बायका अवघडतात, आवाज बदलतो, नाहीतर 'हे कुठं टाकशीन बाई' म्हणून थांबतात. वही काढली तर मोकळ्या होतात. हे यंत्र त्यांना वहीच वाटतं. पडदा चमकत नाही, मेसेज येत नाही, माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडे राहतं. एकीने तर माझ्या हातातून पेन घेऊन पानावर गोंदणाची नक्षी काढली. ती मी तशीच जपली आहे.

मला याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मधे जागा करता येते. ओवी ऐकताना मधली ओळ सुटते, बाई पुढे जाते, मग अर्ध्या तासाने तिला ती ओळ आठवते. कागदावर बाणाने, समासात, मागच्या पानावर कुठेतरी लिहावी लागायची. इथे ओळी खाली सरकवून ती तिच्या जागी बसवता येते. घरी आल्यावर कोणती ओळ कुठली हे शोधत बसावं लागत नाही.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. सोपानदेव आणि पितांबर चौधरींनी ऐकता ऐकता कागदावर उतरवून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत काही पोचलं. किती गेलं असेल कोण जाणे. त्यामुळे कागद का यंत्र यापेक्षा मला घाई याची आहे की उतरवणारे हात कमी आहेत आणि गाणाऱ्या बाया रोज कमी होताहेत. ज्यांच्याकडे जे असेल ते घेऊन आजीजवळ बसा.

धुळे_दप्तर

पांझराताई, मनापासून आवडलं. एक विनंती. प्रत्येक पानावर तारीख, गाव आणि गाणाऱ्या बाईंचं नाव, त्यांची परवानगी असेल तर, त्याच वेळी लिहा. नंतर लिहू म्हटलं की राहतं. आणि ओळी सरकवण्याआधी मूळ पानाची एक प्रत तशीच ठेवा. बाईंना ओळी कोणत्या क्रमाने आठवल्या हेही उद्याच्या अभ्यासकाला लागेल. आणि छापील प्रत काढून ग्रंथालयात द्याच.

पांझरा_साक्री

मूळ पानाचं डोक्यात नव्हतं सर. आजपासून तसंच करते. आणखी एक विचारायचं होतं. हाताने लिहिलेल्या मराठीचा टाइप मजकूर यंत्र करून देतं का? अहिराणी तर सोडाच.

भुसावळ_जंक्शन

अँड्रॉइडवर चालणारं यंत्र असेल, बूक्स कंपनीच्या यंत्रासारखं, तर गूगलचा कीबोर्ड टाकून मराठीत हाताने लिहून टाइप करता येतं. दोन-चार शब्द लिहा, तो ओळखतो, मग पुढचे. पण आधीच भरलेल्या पानभर मजकुराचं रूपांतर ही वेगळी गोष्ट, आणि प्रत्येक यंत्राची भाषांची यादी वेगळी. इंग्रजीची जाहिरात बघून मराठीही होईल असं धरू नका. अहिराणी शब्द तर कीबोर्ड 'दुरुस्त' करून प्रमाण मराठीचे करून टाकेल, तुमच्या कामाला ते घातक. तुम्ही स्वतः टाइप करणंच योग्य.

हिरवी_तापी

झाडं वाचतात हा मुद्दा कुणीच कसा मांडला नाही? मला तर तोच सर्वांत मोठा वाटतो.

गिरणाकाठ

मी मुद्दाम टाळला. ७५ ग्रॅमी ए-४ कागदाची पाचशे पानांची रीम साधारण २.३ किलोची. यंत्र चारशे ग्रॅमच्या आसपास. पण त्या चारशे ग्रॅममध्ये बॅटरी आहे, काच आहे, चिप आहे, आणि प्रत्येकाचं खाणकाम नि कारखाना जगात कुठेतरी आहे. वर्षाला एखादी रीम वापरणाऱ्याने दर दोन वर्षांनी नवीन यंत्र घेतलं तर त्यातून निसर्गाचं भलं होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. घेतलं तर बॅटरी साथ देईल तोवर वापरावं. पाठकोरे कागद वापरणारे लोक माझ्या मते आजही सगळ्यात कमी नासधूस करतात.

आता रावेरच्या भाऊंच्या मुलीबद्दल. अकरावी-बारावीला ती रोज कित्येक तास पीडीएफ वाचत असेल आणि फोनचा त्रास होत असेल तर उपयोग नक्की आहे. फक्त तीन गोष्टी आधी बघा. तिच्या नोट्स रंगीत आकृत्यांवर अवलंबून आहेत का, जीवशास्त्रात तसं बरंच असतं, कारण काळ्या-पांढऱ्या पडद्यावर लाल नि निळी रक्तवाहिनी सारखीच दिसते. क्लासचे व्हिडिओ किती बघते, कारण ते यावर होणार नाहीत, फोन लागणारच. आणि तिला स्वतःला त्यावर लिहिणं आवडतं का. काही जणांना पेनाचं सरकणं अजिबात रुचत नाही. लाल डोळ्यांसाठी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, चष्म्याचा नंबरही असू शकतो.

केळी_रावेर

जीवशास्त्र नाही तिला, गणित ग्रुप आहे. डॉक्टरांचं लक्षात घेतो. पण हातात घेऊन बघायला मिळेल कुठे? आमच्याकडे दुकानात ठेवत नाहीत.

भुसावळ_जंक्शन

पुढच्या महिन्यात मी घरी येतोय. माझ्याकडे अँड्रॉइडवालं आहे, ताईंकडे वेगळ्या जातीचं. दोन्ही एकत्र बघता आली तर फरक कळेल. जळगाव सगळ्यांना मध्ये पडतं.

गिरणाकाठ

रविवार असेल तर मी येते, सकाळच्या गाडीने. भाऊ, मुलीला घेऊन या. तिच्या क्लासच्या दोन पीडीएफ फोनमध्ये आणायला सांगा, एक भरपूर गणितं असलेली आणि एक हाताने लिहून स्कॅन केलेली. दोन्ही यंत्रांवर उघडून तिलाच तासभर सोडवायला देऊ. आपण तोवर बाजूला चहा घेऊ, तिला ठरवू दे.

पांझरा_साक्री

मी पण येते. दप्तर सर, तुम्ही आलात तर नोंदींचा नमुना कसा असावा ते पानावर आखून द्याल का?

धुळे_दप्तर

येतो. नमुना कागदावर आखून आणतो, तुम्ही तो यंत्रात घ्या.